न दिसलेल्या माशाचे बारसे

डोंबिवली पूर्वेला, रामनगरातल्या एका तीनमजली जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर अण्णा बेहेरे एकटे राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगांच्या कारखान्यात त्यांनी चौतीस वर्षे केमिस्ट म्हणून काढली. बॅच तपासून पास झाल्याशिवाय तिला क्रमांक द्यायचा नाही, हा तिथला नियम त्यांच्या हाडीमाशी इतका खिळला की निवृत्तीनंतरही तो सुटला नाही. आंब्याची पेटी आली तरी पहिला आंबा कापून चाखल्याखेरीज ते 'हापूस आला' असे म्हणत नाहीत. 'पेटी आली आहे' असे म्हणतात.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत, खिडकीच्या विरुद्ध भिंतीला, चार फुटी काचेची टाकी आहे. मुलगी सुमेधा पहिलीत गेली त्या वर्षी ती घरात आली. पहिला मासा आणला त्याच संध्याकाळी सुमेधाने त्याचे नाव 'राणी' ठेवले आणि सकाळी राणी पाण्यावर उताणी तरंगत होती. मुलगी दोन दिवस जेवली नाही. तेव्हा अण्णांच्या पत्नीने, गोदाबाईंनी, घरापुरता एक नियम घालून दिला. माणसाच्या मुलाचे नाव बाराव्या दिवशी ठेवतात, तर माशाचेही बाराव्या दिवशीच ठेवायचे. तोवर त्याला नाव नाही, त्याचे कौतुक नाही, तो कुणाला दाखवायचा नाही, आणि वहीत तर मुळीच लिहायचा नाही. नियम अण्णांना मनापासून पटला, कारण तो त्यांच्या कारखान्याचाच होता. फक्त गोदाबाईंनी त्याला पाळण्याची दोरी बांधली होती.

वही म्हणजे निळ्या पुठ्ठ्याची दोनशेपानी. तिच्यात एका ओळीत तारीख आणि नाव, एवढेच. तात्या, केशर, पोस्टमास्तर, लाजरी, इस्त्री. अशी एकतीस नावे. सगळे गोल्डफिश, कारण गोदाबाईंना दुसरा मासा मासा वाटत नसे. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या तेव्हा टाकीत सहा होते. गेल्या फाल्गुनात तीन उरले होते: तात्या, केशर आणि इस्त्री.

त्या फाल्गुनातल्या एका बुधवारी अण्णा स्टेशनाजवळच्या गल्लीतल्या विकीच्या शोभेच्या माशांच्या दुकानात गेले आणि त्यांनी एक नवा मासा आणला. गोल्डफिश नव्हे. बोटभर लांबीचा, सुतळीसारखा बारीक, तपकिरी अंगावर पिवळसर आडवे पट्टे असलेला, वामेच्या पिल्लासारखा दिसणारा. हा तळाशी राहतो आणि खाली पडलेले खाणे वेचून खातो, असे विकीने सांगितले, आणि अण्णांना नेमके तेच हवे होते. का हवे होते, ते त्यांनी विकीला सांगितले नाही. पुढे बरेच दिवस ते कुणालाच सांगितले नाही.

घरी येऊन त्यांनी सारे पद्धतशीर केले. टाकीचा दिवा मालवला, पिशवी वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवली, तिच्यात दर पाच मिनिटांनी टाकीतले वाटीभर पाणी घातले, आणि मग पिशवी हळूच कलती केली. मासा बाहेर आला, क्षणभर अंगाचा विळखा सैल करावा तसा वळला, खडीपर्यंत गेला आणि दिसेनासा झाला. अण्णांनी काचेवर वर्तमानपत्र लावले. पिशवी धुऊन, वाळवून, रबर काढून त्यांनी नेहमीच्या खणात ठेवली, जिथे आधीच्या चाळीसएक पिशव्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मासा दिसला नाही; नवा मासा दडून बसतोच. तिसऱ्या दिवशी दिसला नाही. चौथ्या दिवशी मालनबाईंना सुगावा लागला.

मालनबाई लोकलने दिव्याहून येतात. गेली अकरा वर्षे अण्णांकडची धुणीभांडी आणि सकाळची पोळीभाजी त्यांच्याकडे आहे. दिव्यात त्यांच्या चाळीला दोन-दोन दिवस पाणी येत नाही. त्यामुळे अण्णांच्या मोरीत टाकीसाठी भरून ठेवलेल्या दोन बादल्यांकडे त्या रोज एक नजर टाकतात. नळाच्या पाण्यातला क्लोरीन उडून जायला ते दोन दिवस उघडे ठेवावे लागते, हे अण्णांनी त्यांना एकदा समजावून सांगितले होते. त्यावर मालनबाई म्हणाल्या होत्या, की आमच्याकडे माणसाला ताजं पाणी मिळंना आणि तुमच्या माशांना शिळं लागतं, नशीब काढलंय. टाकी साफ केल्यावरचे पाणी मात्र त्या एक थेंब वाया जाऊ देत नाहीत. मिळेल त्या भांड्यात ते धरून ठेवतात आणि जिन्यावरून खाली नेऊन इमारतीच्या कढीपत्त्याला, जास्वंदीला घालतात.

वर्तमानपत्र कशाला लावलेय, हे त्यांनी विचारले. नियम मोडून अण्णांना सांगावे लागले. मालनबाई कंबरेवर हात ठेवून बराच वेळ टाकीपुढे उभ्या राहिल्या.

"अण्णा, पिशवीत नुस्तं पाणीच दिलं का काय त्या पोरानं? तुम्ही आपले विश्वासानं घेऊन आलासा."

अण्णा हसले. पण ते वाक्य जिथे लागायचे तिथे लागले.

कारण एक गोष्ट अशी होती, की गेल्या दिवाळीनंतर अण्णांच्या हातून विसराळूपणा होऊ लागला होता. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला आणि वास शेजारच्या भाऊंना आधी आला. एकदा ते किल्ली आत ठेवून बाहेर पडले. एकदा बँकेत स्वतःचा पिनकोड त्यांना आठवला नाही. सुमेधा ठाण्याला, खोपटच्या एसटी डेपोसमोर सातव्या मजल्यावर राहते. एका प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचे काम करते. गॅसची हकीकत भाऊंकडून कळल्यावर तिने पुष्कळ विचार केला आणि मग शांतपणे अण्णांना सांगितले: आणखी एकदा असे काही झाले, तर तुम्ही ठाण्याला यायचे. तिचा नवरा साकेत याला ते मान्य होते, एक खोली मोकळी होती. चार फुटी टाकी तेवढी त्या घरात मावणार नव्हती. अण्णांनी मान डोलावली होती. 'आणखी एकदा' या दोन शब्दांवर ते तेव्हापासून दिवस काढत होते.

पाचव्या दिवशी, रविवारी, सुमेधा आली. मालनबाईंनी तिला दारातच बातमी दिलेली असावी, कारण चप्पल काढता काढताच तिने टाकीकडे पाहिले. वर्तमानपत्र बाजूला करून ती वाकून बसली. तीन मासे. तिने झाडामागे पाहिले, गोदाबाईंनी ठेवलेल्या मडक्याच्या खापराखाली पाहिले. गोल्डफिशनी खाल्ला असेल का, असे तिने विचारले. अण्णा म्हणाले, बोटभर लांबीचा मासा तात्याच्या तोंडात मावायचा नाही. मग उडी मारून बाहेर पडला असेल म्हणून तिने कपाटाखाली झाडू फिरवला. एक पेन्सिल निघाली.

"अण्णा, वहीत लिहिलंय का तुम्ही?"

"बारा दिवस व्हायचेत."

"पिशवी?"

अण्णांनी खण उघडला. चाळीस धुतलेल्या पिशव्या एकावर एक ठेवलेल्या होत्या. दोघांनी त्यांच्याकडे पाहिले आणि सुमेधाने खण हलकेच लावून घेतला. त्या लावण्यात इतकी काळजी होती, की अण्णांना ती ओरडली असती तर बरे वाटले असते. जाताना ती म्हणाली, की ठाण्याला एक चांगले डॉक्टर आहेत, नुसते भेटून येऊ. अण्णांनी बरे म्हटले.

सहाव्या दिवसापासून अण्णा टाकीकडे पाहीनासे झाले, किंवा पाहत नसल्याचे दाखवू लागले. वर्तमानपत्र वाचताना ते मधूनच नजर तळाशी टाकत. खडी, खापर, हिरव्या झाडाची मुळे. सोमवारी त्यांनी खापर उचलून पाहिले, मंगळवारी झाडे हलवली. नव्या माशाला आठ-पंधरा दिवस हात लावू नये, हे त्यांनी आयुष्यभर इतरांना सांगितले होते. आता स्वतःलाच राहवेना.

एके सकाळी ते विकीच्या दुकानापर्यंत गेले. नुसते विचारायचे होते: मी बुधवारी पट्ट्यापट्ट्यांचा मासा नेला ना? दुकानासमोर रसाचे गुऱ्हाळ आहे. त्याच्या बाकावर अण्णा बसले आणि पलीकडे काचेमागे वावरणाऱ्या विकीकडे पाहत राहिले. तो हो म्हणाला तर काहीच प्रश्न नव्हता. पण तो म्हणाला, 'नाही काका, तुम्ही नुसते बघून गेलात,' तर? प्रयोगशाळेत चौतीस वर्षे अण्णांनी उत्तराची भीती कधी बाळगली नव्हती. नमुना नापास असेल तर नापास. त्या बाकावर त्यांनी अर्धा ग्लास रस संपवला, अर्धा टाकला आणि ते घरी परतले.

बारावा दिवस आला आणि गेला. वही कपाटातच राहिली.

त्यानंतरच्या रविवारी सुमेधा पुन्हा आली. अण्णा चहा करायला आत गेले. गॅस बंद केल्याची त्यांनी दोनदा खात्री केली आणि कप घेऊन बाहेर आले, तर सुमेधा टाकीपुढच्या स्टुलावर बसली होती. तिने मान वळवली नाही.

"अण्णा, दिसला," ती म्हणाली. "आत्ता दिसला मला. त्या झाडामागे गेला बघा लगेच."

अण्णा उभेच राहिले. "कसा होता?"

"छान होता. केशरी. छोटासा."

"शेपटी?"

सुमेधा क्षणभर थांबली. "पंख्यासारखी."

"हां," अण्णा म्हणाले. "मग तोच."

त्यांनी कप खाली ठेवले. चहा पिताना दोघे साकेतच्या नव्या ऑफिसविषयी बोलले. सुमेधाच्या चेहऱ्यावर, परीक्षेत कॉपी करून पास झालेल्या मुलीचा भाव होता. तिला तो लहानपणापासून लपवता येत नसे. या घरात तिने जन्मभर केशरी, पंख्याच्या शेपटीचे मासेच पाहिले होते, तेव्हा खोटा मासा बनवायची वेळ आल्यावर तिने तसाच बनवला, इतके अण्णांना तिथल्या तिथे समजले. बापासाठी एवढे वाईट खोटे बोलणाऱ्या मुलीविषयी त्यांच्या मनात माया दाटून आली.

पण ती गेल्यावर, दुपारच्या उन्हाचा चौकोन फरशीवरून सरकत असताना, त्यांना दुसरी शक्यता सुचली. सुमेधा खरे बोलत असेल तर? मासा केशरीच असेल, आपण नेहमीसारखा गोल्डफिशच आणला असेल, आणि ते पट्टे, ते वामेसारखे अंग, हे सारे आपल्या डोक्यातच तयार झाले असेल तर? अण्णांनी दोन्ही शक्यता समोरासमोर मांडल्या. एकीत मुलीला बापाशी खोटे बोलावे लागत होते. दुसरीत बापाला स्वतःचे डोळे पुरत नव्हते. निष्कर्ष दोन्हींचा सारखाच निघत होता. त्यांनी फोन केला आणि आपण ठाण्याला यायला तयार आहोत, असे सुमेधाला सांगितले. टाकीची व्यवस्था लावू या, म्हणाले.  चालेल अण्णा, असे सुमेधा म्हणाली.

तळमजल्यावरच्या दाताच्या दवाखान्यात बसणाऱ्यांचे मन रमवायला एक टाकी होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तात्या, केशर आणि इस्त्रीला घ्यायचे कबूल केले. पुढच्या रविवारी, नवा मासा आणल्यापासून सव्विसाव्या दिवशी, टाकी मोडायला घेतली. तिन्ही मासे झाकणाच्या बादलीत ठेवले. मालनबाईंनी नळी लावून पाणी उपसायला सुरुवात केली. ते ओतून द्यायला त्या काही केल्या तयार होईनात. बादल्या भरल्या, मग पातेली, मग कुकर, मग गोदाबाईंचे पितळी घंगाळ. चालायला वाट उरली नाही तेव्हा सुमेधा हसली.

"मालनताई, कढीपत्ता बुडून मरेल."

"मरू दे. फेकायचं नाय." मालनबाई नळी धरून म्हणाल्या. "आमच्यात एका हंड्यापायी बायका झोंबतात, ताई. माझ्या हातनं नाय होणार."

अण्णा पलंगावर, टाकीकडे पाठ करून बसले होते. मांडीवर निळी वही होती. ठाण्याला न्यायच्या पिशवीत ती ठेवायची होती, पण ते पाने उलटत होते. मागे खडी घमेल्यात पडत असल्याचा आवाज येत होता. खडीखाली एक भोकांची प्लॅस्टिकची जाळी असते. तिच्याखालून पाणी खेचले जाऊन गाळले जाते. जुन्या पद्धतीची ती गाळणी अण्णांनी हट्टाने ठेवली होती. ती उचलायला सुमेधाने जाळीच्या कोपऱ्यातली उभी नळी धरली, जाळी सुटल्याचा आवाज झाला, आणि पाठोपाठ मालनबाईंच्या हातातले घमेले खाली आपटले.

"ताई, साप हाय!"

 अण्णांनी मान वळवली नाही. पळी भांड्यावर लागल्याचा आवाज आला, थोडे पाणी सांडले. मग सुमेधा पलंगापाशी येऊन उभी राहिली. तिच्या दोन्ही हातांत स्टीलची वाटी होती. वाटीत सुतळीसारखा बारीक, तपकिरी, पिवळसर पट्ट्यांचा मासा वाटीच्या कडेकडेने गोल फिरत होता. खाऊनपिऊन चांगला गुबगुबीत झालेला. त्या जाळीखाली, गाळात, सव्वीस दिवस तो सुखाने नांदला होता.

अण्णा त्याच्याकडे बघत राहिले. सुमेधा त्यांच्या शेजारी बसली.

"मी केशरी म्हणाले होते," ती म्हणाली.

"हो."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं ना? की मी खोटं बोलतेय."

"कळलं होतं," अण्णा म्हणाले. "पण मग वाटलं, कदाचित केशरीच असेल."

  सुमेधाने वाटी मांडीवर टेकवली, एक हात मोकळा केला आणि तो अण्णांच्या गुडघ्यावर ठेवला. ती रडत होती, पण वाटीत डोळ्यांचे पाणी पडू नये म्हणून मान बाजूला वळवून.

आता अण्णांना आपली पाळी आली असे वाटले. मुलीने आपले खोटे समोर ठेवले होते. त्यांच्याकडेही एक होते. टाकीच्या तळाशी खाण्याचे दाणे साचू लागले होते, ते म्हणाले. दिवाळीपासून. माशांना एकदा खायला घालायचे, ते आपण दोनदा घालत होतो. सकाळचे विसरून दुपारी पुन्हा. कधी तीनदा. पाणी गढूळ व्हायला लागले तेव्हा त्यांच्या ध्यानात आले.

"म्हणून हा आणला. खाली पडलेलं हा खाईल, म्हणजे तुला दिसणार नाही. मालनबाईंनाही नाही."

सुमेधाने डोळे पुसले. गॅस, किल्ली, पिनकोड यांच्या रांगेत हे आणखी एक होते आणि सर्वांत जुने होते, हे तिला कळले असणार. आणखी एकदा झाले तर, ही तिची अटही तिला आठवली असणार. अण्णा उत्तराची वाट पाहत बसले. या वेळी त्यांना भीती वाटली नाही. नमुना त्यांनी स्वतःच्या हाताने दिला होता.

"तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी असते ना," सुमेधा म्हणाली, "सात खणांची? तसली एक माशांना आणू. दर रविवारी मी भरून जाईन. खण रिकामा दिसला, की घातलं समजायचं." मग पुढे म्हणाली, "डॉक्टरांकडे मात्र जायचं. आणि गॅसला ते आपोआप बंद होणारं लावून घ्यायचं. त्यात वाद नको."

"वाद कुठे घालतोय मी?"

"आणि ठाणं नंतर बघू. खोली कुठे पळून जात नाही."

दारात मालनबाई उभ्या होत्या. "बापलेकीचं झालं असंल तर सांगा. त्याला वाटीत किती वेळ ठेवायचं? आणि पाणी कुठं ओतू?"

नवे पाणी भरायचे तर दोन दिवस थांबावे लागले असते, आणि मासे एकदम कोऱ्या पाण्यात टिकले असते की नाही, हे सांगता येत नव्हते. पण जुने पाणी घरभर पसरलेले होते. बादल्यांत, पातेल्यांत, कुकरात, घंगाळात, एक थेंब न सांडता. जाळी बसली, खडी पसरली, खापर पूर्वीच्या जागी गेले. मग मालनबाई आणि सुमेधा भांडी वाहून आणू लागल्या आणि अण्णा पाण्याची धार खडीवर थेट पडू नये म्हणून ताटली धरून उभे राहिले. मालनबाई वाटेत दर खेपेला ऐकवत होत्या, की फेकून दे म्हणत होतात ना, आता बोला. पंप सुरू झाला. तात्या, केशर आणि इस्त्री परत आले. दवाखान्यात निरोप पाठवावा लागला.

शेवटी वाटी. अण्णांनी ती पाण्यात कलती केली.

"याचं बारसं राहिलंय," सुमेधा म्हणाली. "चौदा दिवस उशीर झाला."

नाव आत्या ठेवते. अण्णांना बहीण नव्हती आणि माशाला तर आत्या नव्हतीच नव्हती, म्हणून तो मान मालनबाईंकडे आला. त्यांनी फार विचार केला नाही. इतके दिवस रुसून बसला, सगळ्या घराला शोधायला लावलं, आणि खाऊन जाडा झाला. याला जावईबापूच म्हणायचं.

"साकेतला सांगू नका," सुमेधा म्हणाली.

अण्णांनी पलंगावरची निळी वही घेतली. चष्मा चढवला, पेनाचे टोपण काढले. बत्तिसाव्या ओळीत आधी तारीख लिहायची होती, मासा घरात आला तो दिवस. भिंतीवर कालनिर्णय लटकत होते. अण्णांनी तिकडे पाहिले नाही. थोडा वेळ ते पेन कागदावर टेकवून बसले. मग त्यांनी एक तारीख लिहिली, तिच्यापुढे 'बुधवार' लिहिले, आणि त्यापुढे नाव.

सुमेधा त्यांच्या खांद्यावरून पाहत होती. कालनिर्णय तिच्या हाताच्या अंतरावर होते. तिनेही तिकडे न पाहता वही मिटली आणि मालनबाईंना जिन्यावरून कुकर खाली न्यायला मदत करायला गेली. त्यात कढीपत्त्याच्या वाट्याचे थोडे पाणी उरले होते.